अक्कांची शेवटची पंगत

एका वृद्धाश्रमात तासभर बसून, दोन कप चहा पिऊन आणि बशीभर शिरा खाऊन मी "फारच छान व्यवस्था आहे हो" असं सांगून आले होते. नुसतं सांगून नाही, "बुधवारी आमच्या अक्कांना घेऊन येते" असा शब्दही देऊन आले. तेव्हा मी जेमतेम बासष्टची, म्हणजे अगदीच कोवळी. मुख्याध्यापिका म्हणून चार वर्षांपूर्वी निवृत्त झालेली. कुठंही गेलं की भिंतीवरची जळमटं आणि दारातल्या चपलांची रांग बघायची आणि मनातल्या मनात मार्क द्यायचे, ही खोड अजून गेलेली नव्हती. त्या आश्रमात जळमट नव्हतं. चपला फुटपट्टी लावल्यासारख्या. नव्या साड्या नेसलेल्या म्हाताऱ्यांनी ओळीनं बसून माझ्यासाठी स्वागतगीत म्हटलं. फरशी इतकी लख्ख की तिच्यात तोंड दिसत होतं, आणि तेव्हा मला माझं तोंड फार आवडायचं.

अक्का म्हणजे आमच्या ह्यांची थोरली बहीण. लहान वयात विधवा होऊन जळकोटला भावाकडे आल्या, त्या कायमच्या. मी लग्न होऊन आले तेव्हा घराच्या किल्ल्या त्यांच्याच कमरेला होत्या. कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, बोटावर मिश्री, आणि आवाज असा की बांधावरून हाक मारली तर स्टँडवरची माणसं वळून बघायची. घरात मराठी बोलायच्या, पण पोट भरलं की ताटावर आडवा हात धरून कानडीत "साकु!" म्हणायच्या. साकु म्हणजे पुरे. त्यानंतर ब्रह्मदेवाची टाप नव्हती त्यांना अर्धी भाकरी वाढायची.

हे गेले, मुलं पुण्याला गेली, आणि घरात आम्ही दोघी आणि एक म्हैस उरलो. मग अक्का न्हाणीत घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं, सोलापूरला ऑपरेशन झालं, हाड जुळलं. पण पाय काही जमिनीवर ठरेना. त्यांचा देह दणकट, माझे गुडघे झिजलेले. एकदा त्यांना खाटेवरून खुर्चीत बसवताना दोघी मिळून खाली आलो. मी रडायच्या बेतात, आणि अक्का जमिनीवर पडल्या पडल्या हसायला लागलेल्या.

"मास्तरीण, आता आपल्या दोघींना उचलायला तिसरी आण."

मग हसणं थांबवून म्हणाल्या, "मला कुठंतरी ठेव गं. इथं ऱ्हायले तर दोघी बी मरू."

"गाव काय म्हणेल, अक्का? नणंदेला आश्रमात टाकलं म्हणतील."

"गाव येतंय का मला उचलायला?"

म्हणून मी त्या लख्ख आश्रमात गेले होते. परत येऊन अक्कांपुढं निबंध वाचावा तसं सगळं सांगितलं. त्या मिश्री घासत ऐकत होत्या. माझं संपल्यावर एवढंच विचारलं, "सांगून गेलतीस का?"

"म्हणजे काय! फोन करून गेले. न सांगता जाणं बरं दिसतं का?"

"तुझ्या शाळंची तपासणी असायची, तवा ती चार कच्ची पोरं कुठं असायची गं?"

ती पोरं आमच्या ओट्यावर असायची, अक्कांबरोबर भुईमुगाच्या शेंगा फोडत. साहेबांना फक्त घडाघडा पाढे म्हणणारी दिसावीत म्हणून दरवर्षी मीच त्यांना घरी धाडत असे.

"म्या हिकडं त्यांना पिठलं-भाकरी घालायचे, आन तू तिकडं सायबाला शिरा. तुला काय घातलं तिथं?"

"शिरा," मी म्हटलं.

अक्का एवढ्या हसल्या की मिश्री कपाळापर्यंत गेली. सारी नोकरी ज्या युक्तीवर काढली, तीच युक्ती कुणीतरी माझ्यावर केली होती आणि मी तुपासकट गिळून आले होते.

खरं तर घर बघावं ते अक्कांनीच. आमच्यात मुलगी द्यायच्या आधी तिचं होणारं सासर बघायला जातात. भावकीतल्या कुणाचीही मुलगी असो, त्या जीपमध्ये अक्का असायच्याच. पाहुण्यांची पहिली पंगत बसली की त्या म्हणायच्या, "मला मेलीला आत्ता भूक न्हाई, मी मागून बसते बायकांत." घरातल्या सगळ्यांचं उरकून सुना जेवायला बसल्या की त्यांच्यात ह्या. वर म्हणायच्या, "पहिल्या पंगतीला समदी घरं सारखीच. शेवटच्या पंगतीला काय उरतंय ते बघावं."

माझ्या लेकीसाठी एक घर बघितलं होतं. दारात गाडी, छताला झुंबर. मी तर मनातल्या मनात आहेरही वाटून मोकळी झाले होते. अक्का मागच्या पंगतीला बसल्या, तर थोरल्या सुनेच्या वाट्याला पातेल्याची खरवड आणि चटणी, आणि कुणी तिला "तुला काही राहिलं का" म्हणून विचारीना. अक्का बाहेर येऊन जीपमध्ये बसल्या आणि म्हणाल्या, "चला." मी महिनाभर त्यांच्याशी धड बोलले नाही. मग लेक तामलवाडीला दिली. झुंबर नाही, पण सासू सुनेच्या शेजारी ताट घेऊन बसते. आता लेकीचं माझ्याशी वाजलं की ती सासूकडं माझी कागाळी करते. यापेक्षा चांगलं सासर कुठं असतं!

"आता नवरी मीच," अक्का म्हणाल्या. "माझं घर बघायला मी जाणार."

नवी इरकल नेसल्या, विभूती लावली. शेजारच्या दोघांनी त्यांना जीपच्या मागच्या बाकावर आडवं केलं. फोन न करता, जेवणं उरकायच्या वेळेला आम्ही त्या लख्ख आश्रमाच्या दारात. अक्का म्हणाल्या, "मला नको उतरवू. तूच जा. ज्याला हातानं जेवता येत न्हाई, तेवढं माणूस बघून ये."

स्वागतगीतात पुढं बसवलेल्या एक आजी मला खोलीत सापडल्या. अंगावर विटकं लुगडं, उजवा हात लुळा. स्टुलावर ताट, त्यातला भात वाळून कडक झालेला, वर माश्या.

"आजी, जेवलात का?"

"ताट आलतं की," त्या म्हणाल्या. चूक जणू त्यांचीच, अशा नजरेनं.

स्वैपाकघरातून ऊन भात मागून घेतला आणि त्यांना भरवला. मग ऑफिसात जाऊन जुना मुख्याध्यापिकेचा आवाज काढला, आणि आजींकडून त्यांच्या लेकीचा ठावठिकाणा विचारून तिला कळवलं. ती चार दिवसांत येऊन आईला घेऊन गेली. त्या दिवशी मी जीपमध्ये परत येऊन बसले. माझ्या हाताला भात लागलेला होता, तो त्यांनी आपल्या पदरानं पुसला.

दुसरं ठिकाण लोहाऱ्याच्या रस्त्याला होतं. पत्र्याच्या लांबट खोल्या, अंगणात शेळी, रेडिओच्या आवाजावरून दोन म्हाताऱ्यांचं कडाक्याचं भांडण चाललेलं. चपला चौफेर. एका खोलीतून लघवीचा वास आला आणि मी नाकाला पदर लावून दहा मार्क कापले. चालवणाऱ्या बाई पूर्वी दवाखान्यात नर्स होत्या. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. त्या हातातली चादर दाखवत म्हणाल्या, "आत्ताच झालंय त्यांना. बदलते आणि येते. तुम्ही बघा हवं ते, दारं उघडीच आहेत."

आल्या त्या चहाचं न विचारता, अक्कांना जीपमधून खाटेवर उतरवून घेत म्हणाल्या, "यांना जरा कुशीवर वळवा, पाठ बघू द्या."

अक्कांच्या माकडहाडाशी कातडी लाल होऊन सोलवटलेली होती. मला दिसलीच नव्हती.

"घरी कूस कोण बदलत होतं?" सिस्टरनं विचारलं.

मी आश्रम तपासायला आलेली, आणि नापास व्हायची पाळी आमच्याच घराची. मी अक्कांचा पदर सारखा करायला लागले. तेवढ्यात खालून अक्कांचा आवाज, "ओ बाई, तिला काय बोलायचं न्हाई. तिचे गुडघे गेलेत तरी ती मला उचलती." कुशीवर पडल्या पडल्याही नवरी माहेरची बाजू घेत होती.

पुढं अक्कांनी शेवटच्या पंगतीचा हट्ट धरलाच. इथली शेवटची पंगत म्हणजे हातानं जेवता न येणाऱ्यांची. मेहरून नावाची बाई ऊन आमटीत भाकरी कुस्करून एका लिंगायत आजोबांना भरवत होती. "खाव बाबा, अजून एक घास. न्हाई खाल्लं तर मी बी उपाशी." खरंच, तिचं आणि सिस्टरचं ताट अजून झाकलेलंच होतं. अक्कांनी ते टिपलं, मान हलवली, आणि पहिला घास तोंडात घातला.

"मीठ न्हाई ह्यात!"

"मघाशी तपासलं, तुमचं बीपी जास्त आलंय," सिस्टर म्हणाल्या. "बीपीवाल्यांची आमटी वेगळी."

"मग मला न्हाई ऱ्हायचं इथं. मास्तरीण, जीप बोलव!"

आयुष्यभर घरं अचूक ओळखणाऱ्या अक्का मिठाच्या चिमटीसाठी चांगलं घर हातचं घालवायला निघाल्या होत्या. मी समजावणार, एवढ्यात ते आजोबा तोंडातला घास गिळून म्हणाले, "आवो, म्या तर रोज भांडतोय मिठावरनं."

अक्का थांबल्या. "रोज?"

"रोज. काल ताट ढकललं."

"मग?"

"मग काय, हिनं दुसरं आणलं. बिनमिठाचंच."

अक्कांनी मेहरूनकडं बघितलं, सिस्टरकडं बघितलं, मग माझ्याकडं. "मास्तरीण, जीप जाऊ दे," म्हणाल्या. "हितं भांडता येतंय."

चार वर्षं त्या तिथं राहिल्या. स्वैपाकघराच्या दारात चाकाच्या खुर्चीत बसून लसूण सोलायच्या आणि मिठाचा लढा चालवायच्या. कुणी आई-बापाला ठेवायला आलं की त्यांना चहा देऊ द्यायच्या नाहीत: "थांबा, शेवटच्या पंगतीला बसा." सिस्टर आधी चिडायच्या, नंतर स्वतःच लोकांना थांबवून घ्यायला लागल्या. मी आठवड्याला जायची, कधीच न सांगता. गावात कुणाला असं घर बघायचं असलं की आता मलाच जीपमध्ये घेतात.

एका दुपारी तिसऱ्या घासाला अक्कांनी ताटावर आडवा हात धरला आणि "साकु" म्हणाल्या. मेहरूननं ताट उचललं, खुर्ची सावलीत घेतली, आणि तिथंच त्या शांत झाल्या. मी पोचले तेव्हा त्या झोपल्यासारख्या दिसत होत्या. आंघोळ घालताना मी त्यांना कुशीवर वळवलं आणि पाठ बघितली. चार वर्षं बसून-पडून काढलेलं ते म्हातारं शरीर, पण पाठीवर साधा ओरखडा नव्हता. तिथं मी रडले, आणि मेहरून माझ्याकडं बघून रडली.

कार्य उरकल्यावर मी एकदा तिकडं गेले, अर्थात न सांगताच. आजोबांना भरवलं, शेवटच्या पंगतीला सिस्टर आणि मेहरूनसोबत जेवले. माझे गुडघे आता पार गेलेत. हात धुताना मेहरूनला म्हटलं, "मलाही एक खाट धरून ठेव गं. पुढंमागं यावंच लागणार."

ती ओले हात पदराला पुसत हसली.

"बाई, तुमचं तर अक्का कवाच सांगून गेल्यात. म्हनल्या, 'आमची मास्तरीण येईल एक दिवस. ती येती म्हनून आवराआवर करू नगा, जसं हाय तसं ऱ्हाऊ द्या. आता तिला बघता येतंय.'"