पुसल्या गेलेल्या अक्षता

माझ्या चुलतबहिणीच्या, सुमाताईच्या लग्नाचे फोटो मी माझ्या पहिल्या डिजिटल कॅमेऱ्यावर काढले होते. कार्यालयात उजेड बेताचाच, त्यामुळे सगळ्या फोटोंवर रव्यासारखे ठिपके उठलेले. त्याला नॉइज म्हणतात. काल दुपारी दोनशेच्या दोनशे फोटो एकदम निवडले, कॉम्प्युटरला नॉइज काढायला सांगितलं आणि चहा टाकायला उठलो. परत येऊन बघतो तर चेहरे तुळतुळीत, भिंती नुकत्याच रंगवल्यासारख्या. खूश होऊन फोटो ताईला पाठवले.

लगेच तिचा फोन. "छान झालेत रे. पण अक्षता कुठे गेल्या?"

खरंच की! अंतरपाट खाली आलेला, सगळ्यांचे हात वर, आणि हवेत एक दाणा नाही. कॉम्प्युटरने अक्षताही ठिपक्यांतच धरल्या होत्या. त्याला तरी काय बोलायचं? घर आवरताना मीही कमी का टाकून दिलंय!

लग्नात अक्षता पडताना माझे वडील, आप्पा, माझ्या मागे उभे होते. कॅमेरा दिसला की ते नेहमी खांबाआड जायचे. "तू फोटो काढ, तुझ्या वाटच्या मी टाकतो," म्हणाले आणि माझ्या उजव्या खांद्यावरून अक्षता टाकत राहिले. दोन-चार दाणे माझ्या कॉलरमध्येही गेले.

मी सगळे फोटो होते तसे करून टाकले. ठिपके परत आले, अक्षताही आल्या.

दोनशे फोटोंत आप्पा कुठेच नाहीत. फक्त अंतरपाटाच्या या एका फोटोत, उजवीकडून येणारे सहा-सात दाणे त्यांचे आहेत.