डोक्यावर नाही, डोक्यात

आजारातून उठून वस्ताद पहिल्यांदाच दुकानात आला, आणि बघतो तर धाकट्या भावाने त्याची खुर्ची बळकावलेली. उजेडाकडची, मोठ्या आरशासमोरची. तिच्यामागे उभं राहून त्याने अख्ख्या गल्लीच्या दाढ्या केल्या होत्या.

"दादा, तू आता टॉवेल धुवत जा," धाकटा गिऱ्हाइकाच्या गालांना फेस फासत म्हणाला. "वस्तरा नको. लोक घाबरतात. तुझ्या डोक्यावर परिणाम झालाय ना!"

वस्तादच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तापाच्या भरात त्याने एकाला कंगवा फेकून मारला होता, हे खरं. पण तेवढ्यावरून गल्लीभर 'वेडा झाला' अशी बोंब ठोकणारा हाच मेला!

"डोक्यावर नाही रे भामट्या, डोक्यात!" तो कडाडला. "एन्सेफलायटिस म्हणतात त्याला. डॉक्टरीणबाईंनी फोड करून सांगितलंय. ग्रीक शब्द आहे. 'एन' म्हणजे आत, 'केफाली' म्हणजे डोकं. डोक्याच्या आत असतो तो मेंदू. आणि 'आयटिस' म्हणजे सूज. सूज आली होती, उतरली. संपलं!"

"सूज काय नि वेड काय, एकच."

"एकच? अरे, त्या 'आयटिस'चा अर्थसुद्धा आधी नुसता 'त्याच्यासंबंधीचा' एवढाच होता. सूज मागाहून चिकटली. तसं मला वेड तू चिकटवलंस. खुर्चीसाठी!"

"काहीही बोल. वस्तरा मिळायचा नाही."

वस्तादने सरळ खण ओढून आपला वस्तरा काढला. धाकटा टुणकन मागे सरला. वस्तादने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दुसऱ्या आरशासमोर उभं राहून त्याने गळ्यात टॉवेल अडकवला, स्वतःच्या वाढलेल्या दाढीला साबण लावला, मान वर केली आणि पातं गळ्यावर टेकवलं. हात जरा जरी थरथरला, तर जन्मभर टॉवेलच धुवायचे होते.

पातं गळ्याच्या घाटीवरून, हनुवटीखालच्या अवघड खळग्यातून सरसर फिरलं. रक्ताचा टिपूस नाही.

खुर्चीतलं गिऱ्हाईक फेसाळल्या तोंडाने म्हणालं, "वस्ताद, माझी तुम्हीच करा."

"हो हो, मी तेच म्हणणार होतो! दादा, आपण दोघं मिळून..." धाकटा हसायला लागला.

वस्तादने त्याला कोपराने बाजूला सारलं, आपल्या गळ्यातला ओला टॉवेल काढून त्याच्या अंगावर फेकला आणि गिऱ्हाइकाची मान अलगद मागे टेकवली.

"धू," तो म्हणाला.