आवणीत मोजलेली मुलं

तळेघरच्या बाजूच्या गावांत मुलं आठवीनंतर शाळा सोडतात, हे वाक्य माझं आहे. अहवालात मी ते लिहिलं आणि त्याच्या जोरावर तिथल्या एका गावाचा नववीचा वर्ग नामंजूर झाला. आजही ते आठवलं की संताप येतो. आमच्या कार्यालयातल्या साहेबांचा येतो, पण आधी माझा स्वतःचा येतो.

शिक्षण खात्यातलं माझं काम समजायला सोपं आहे. यंदा आठवीत असलेल्यांपैकी पुढच्या वर्षी नववीत किती दिसले, नववीतले दहावीत किती, हे पाहायचं. त्या प्रमाणावरून पुढच्या काही वर्षांचा अंदाज बांधायचा, यालाच आम्ही मॉडेल म्हणतो. जो पुढच्या वर्गात दिसला नाही, तो गळती. गळतीत गेलेला परत येण्याची शक्यता मी शून्य धरली होती. शून्य धरलं की गणित झटकन सुटतं, दुसरं कारण नव्हतं.

वर्ग का मिळणार नाही हे सांगायला उन्हाळ्यात साहेब मला त्या गावात घेऊन गेले. शाळेच्या पडवीत लोक जमले होते. मी लॅपटॉपवर आलेख दाखवला. पुढे बसलेल्या एका बाईंची मुलगी नुकतीच आठवी पास झाली होती. त्यांनी विचारलं, "पोरं शाळा सोडत्यात, हे कुनी सांगितलं तुमाला?"

"आकडे सांगतात, ताई."

"कवाचं आकडं?"

"जुलैचे."

पडवीत हशा पिकला. "आवो, जुलैत भाताची आवणी आस्ती!" बाई म्हणाल्या. "समदं घर चिखलात. आवणी उरकली की पोरं नववीला जात्यात, पावण्यांच्या गावी ऱ्हाऊन. माझी थोरली तशीच शिकली, मामाकडं ऱ्हाऊन."

आल्या आल्या माझं गाव विचारून घेतलेला एक म्हातारा मागून ओरडला, "त्यांना काय इचारती? पावणं पेठचं हायेत. बटाट्याचं रान! भात त्यांनी ताटातच बघितलाय."

सगळे हसले. मीही हसलो. साहेबही हसले आणि घड्याळाकडे पाहू लागले.

बाई हसत नव्हत्या. "मामा आता चाकणला गेला कंपनीत. घराला कुलूप हाय. वसतिगृहात जागा न्हाई. धाकटीला ठिवू कुठं? हितं वर्ग झाला तर शिकंल, न्हाईतर न्हाई. एवढंच लिवा तुमच्या त्या मशीनमधी."

परतीच्या वाटेवर मला एक गोष्ट आठवली. मॉडेल करताना काही मुलं मला विचित्र दिसली होती. नववीत नाव नाही आणि दहावीत मात्र हजर. ती सगळी याच डोंगरपट्ट्यातली होती. मी त्यांना चुकीच्या नोंदी ठरवलं आणि काढून टाकलं. एक फोन करून विचारलं असतं तर कळलं असतं. विचारलं नाही. ती मुलं माझ्या शून्याच्या आड येत होती.

मी आकडेमोड पुन्हा केली. काढलेली मुलं परत घातली, आवणीनंतरचे प्रवेश शाळांकडून मागवले. त्या गावात नववीपुरती मुलं सहज निघत होती. कागद घेऊन साहेबांसमोर उभा राहिलो.

"बसा हो, चहा घ्या," साहेब म्हणाले. "यादी वर गेली. आता पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी ती मुलगी कुठे असेल, साहेब?"

"अहो, मॉडेल तुमचंच ना? मी काय मनानं ठरवलं का?"

या माणसाच्या पोरांना शाळेची बस घराच्या फाटकाशी येते. मी हे त्याच्या तोंडावर म्हणायला हवं होतं. मी चहा प्यायलो.

पाऊस सुरू झाला, आवणी झाली. बाईंना फोन केला. म्हणाल्या, "न्हाई धाडली, भाऊ. येकटी पोर पल्याडच्या शाळंची येवढी वाट कशी चालंल? आता नारायणगावला जाती बायांसंगं, टोमॅटो तोडायला." आवाजात राग नव्हता. मला उलट बोलणंही त्यांनी गरजेचं मानलं नाही, हे जास्त लागलं.

काही दिवसांनी साहेबांचा फोन आला. नवे आकडे आले होते आणि ते खूश होते. "त्या गावात आठवीनंतर गळती, अगदी तुम्ही सांगितली तशीच निघाली! पुढच्या बैठकीत सांगणार आहे मी. मॉडेल असावं तर असं, राव!"

जी मुलगी वर्ग नाही म्हणून थांबली, तिला मोजून आम्ही वर्ग न दिल्याचं समर्थन करणार होतो. हे मला कळत होतं. शब्दसुद्धा तयार होते.

"हो साहेब," मी म्हणालो. शिवी घातली ती फोन ठेवल्यावर.