कान पिळायचा मान

“आलं तरी येत नाही म्हणायचं. समजलं का रे?”

वाशीमच्या शाळेत इंग्रजीच्या मास्तरांनी मला हे भर वर्गात बजावलं. पोरं खिदळली. दाराजवळच्या तरटावर मी एकटा बसायचो. तिथूनच मान हलवली. ते आठवलं की आजही अंगाची लाही होते.

का बजावलं, ते सांगतो. मास्तरांची एक रीत होती. धड्यातले अवघड शब्द आणि साहेबी नावं ते फळ्यावर लिहायचे आणि एकेकाला उठवून उच्चार विचारायचे, अर्थ विचारायचे. चुकला तो उभाच. ज्याला बरोबर आलं, त्यानं उभ्या असलेल्या सगळ्यांचे कान पिळायचे. देशमुखाचा पोरगा असो की मास्तरांचा सख्खा भाचा, सुटका नाही.

आणि मी महार. मला बरोबर आलं तर माझी बोटं त्यांच्या कानांना लागणार. विटाळ! म्हणून मला येताच कामा नये.

पण मला येत होतं. इंग्रजीत लिहितात एक आणि बोलतात भलतंच, काही अक्षरं तर नुसती बसून असतात. मला त्याची भारी गोडी लागली होती. आई चुलीपुढे भाकरी थापायची आणि मी बाजूला कर्नल, थेम्स असं काहीबाही घोकत बसायचो.

“काय बरळून राह्यला रे?”

मी अर्थ सांगायचो. ती हसायची. एकदा म्हणाली, “हे मास्तरले सांगतं का?”

सांगायला बंदी, आणि तोंडी परीक्षेचे गुण या विचारण्यावरच ठरायचे. नापास झालो की बाप शाळेतून काढणार, आणि त्याची महारकी माझ्या गळ्यात. गावाची मेलेली ढोरं ओढायची.

एक दिवस फळ्यावर शब्द आला, यॉट. कोणी याच्ट म्हणालं, कोणी याच. वऱ्हाडात समुद्रच कुठला! सगळा वर्ग उभा राहिला. वरच्या वर्गाला मास्तरांनी हाच शब्द सांगितला होता. दाराशी बसल्यामुळे मला दोन्ही वर्ग ऐकू यायचे.

मास्तर माझ्याकडे वळले. “तुला येत नाही ना?”

“येतं. यॉट. श्रीमंतांची हौसेची नाव.”

“कोणी शिकवलं?”

“तुमीच, गुरुजी.”

“बस खाली.”

मी बसलो नाही. 

“कान राह्यले, गुरुजी.”

 मग रंगाऱ्याचा करीम पुढे आला. तोही चुकला होता. माझ्यापुढे डोकं वाकवून म्हणाला, “माहा पिळ.”

मी पिळला. चांगला कचकून पिळला. रीत म्हणजे रीत. मग देशमुखाच्या पोराकडे वळलो. त्यानं दोन्ही हातांनी कान झाकले.

तेवढ्यात छडी आली. छडीला विटाळ नसतो, ती लांबून चालते.

“म्हण, येत नाही!”

“येतं.”

“म्हण!”

“यॉट.”

हात फुटेस्तोवर मारलं. मी दुसरं काही बोललो नाही.

घरी आईनं माझ्या तळहातावर हळद दाबली. बापाला कळलं होतं. तो भिंतीला टेकून ढोरं ओढायचा दोर वळत होता. तिनं विचारलं, “मास्तरले सांगतलं?”

“सांगतलं.”

“मंग आता नापास करन तो.”

करू दे. त्या सुजल्या हातानं भाकर तोडताना मी ठरवलं. पुन्हा त्याच वर्गात, त्याच तरटावर बसेन. ढोराच्या दोराला हात लावणार नाही. आणि मला जे येतं, ते येत नाही असं या तोंडातून पुन्हा निघणार नाही. उद्या फळ्यावर नवा शब्द येईल. तो मी सांगेन. सांगून झालं तरी उभाच राहीन, आणि रीतीप्रमाणे कान मागेन. एकूणएक.