शिवूच्या पेटीचं वजन

असले अनुभव मी आजवर टवाळी करायलाच वाचत आलो. कुणाला पांढरी बाई दिसते, कुणाची गाडी चिंचेखाली बंद पडते... डबा खाताना गोडाऊनमधल्या पोरांना मोठ्यानं वाचून दाखवायचो. भूत, भानामती, अंगात येणं—कशावरच विश्वास नव्हता आणि आजही ठेवावासा वाटत नाही. तरी लिहितोय, कारण हे मी नुसतं पाहिलं किंवा ऐकलं नाही—खांद्यावर घेतलंय.

मी बीदरच्या कोळार इंडस्ट्रियल एरियात एका गोडाऊनला सुपरवायझर आहे. गाव राजेश्वर, तालुका बसवकल्याण. धाकटा भाऊ शिवानंद, आमचा शिवू, फौजेत होता. डोंगरातल्या रस्त्यावर त्यांचा ट्रक दरीत गेला आणि शिवू गेला. लढाई नाही, काही नाही. गावात बॅनर मात्र लागले. त्यावर शिवूचा फोटो लहान आणि हात जोडलेल्या पुढाऱ्यांचे मोठे.

आम्ही लिंगायत. आमच्यात माणूस जाळत नाहीत, समाधी देतात... तीही बसवून. मांडी घातलेली, आणि डाव्या तळहातावर त्याचं इष्टलिंग. हे लिंग आयुष्यभर गळ्यात असतं. रोज सकाळी तेच डाव्या तळव्यावर घेऊन, त्याच्याकडे बघत पूजा करायची. जगताना जसा बसलास तसाच जाताना बस, एवढी साधी गोष्ट. तालुक्याहून कुणीतरी ट्रॅक्टरभर लाकडं पाठवली होती, ती आम्ही परत केली. शेतात चौकोनी खोल खड्डा काढला आणि त्याच्या आत शिवूला बसायला कोनाडा.

दुपारच्या आत फौजेची गाडी आली. पेटी आली, तीही खिळे ठोकलेली. सोबत जवान, एक अधिकारी आणि त्यांच्या पलटणीचे पंडितजी. फौजेत प्रत्येक धर्माचा गुरू असतो, पगारी, वर्दीतला, हे मला तेव्हा कळलं. आमच्या मधल्या खोलीत वर्दी उतरवून ते धोतर नेसून बाहेर आले. पहाडी माणूस, डोळे लाल झालेले. त्यांनी अव्वाच्या, म्हणजे आमच्या आईच्या, हातात प्लास्टिकची एक पिशवी दिली. आत शिवूचं घड्याळ आणि... त्याचं लिंग.

अव्वा दखनीत ओरडली, "किसने निकाले जी ये? गले का किसने निकाले?"

पंडितजी गोंधळले. दवाखान्यात सगळ्यांच्याच अंगावरच्या वस्तू काढतात, म्हणाले. मग त्यांनी जे सांगितलं ते मी मराठीत लिहितो. शिवू रोज सकाळी पलटणीच्या मंदिरात यायचा. आरतीत कधी टाळ्या नाहीत, मूर्तीकडे बघणं नाही. मागच्या भिंतीला टेकून मांडी घालायचा आणि आपल्या डाव्या तळहातात बघत बसायचा. पंडितजींना वाटायचं, पोरगा हातावरच्या रेषा बघतोय. "क्या रे, किस्मत पढ़ रहा है?" असं ते रोज चिडवायचे. शिवू नुसता हसायचा. कधी सांगितलंच नाही त्यानं.

अव्वानं पदराखालून स्वतःचं लिंग काढून डाव्या तळव्यावर धरून दाखवलं. पंडितजी बघतच राहिले. मग दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं त्यांनी.

अव्वाचं मागणं एकच. पेटी उघडा, लेकराला बसवा, लिंग हातात द्या. अधिकारी म्हणाला, उघडता येणार नाही, डॉक्टरांची सक्त ताकीद आहे, देह बघण्यासारखा नाही. तुम्हाला पुरायचं तर पुरा, पण पेटी आहे तशीच. आणि पंडितजींकडे वळून म्हणाला, "आप माँ को समझाइए."

पंडितजी अव्वासमोर खाली बसले. शरीर म्हणजे शेवटी मातीच, वगैरे बोलू लागले. आवाज त्यांचाच त्यांना खोटा वाटत असणार.

"माती हाय म्हणता न्हवं?" अव्वा म्हणाली. "मग बसवाच की त्या मातीला! का आमाला समजवायलाच आणलंय तुमाला?"



पेटी उचलली. उन्हं चांगली डोक्यावर होती, अख्खं गाव रस्त्यावर. वेशीपर्यंत जाईतो पुढच्या दोघा जवानांच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या, तिसरा मधे शिरला. मागचा पोरगा माझ्याकडे चमत्कारिक नजरेनं बघायला लागला. मी त्याच्या जागी खांदा दिला.

वजनच नव्हतं!

पायाकडची बाजू रिकाम्या खोक्यासारखी. माणसाचं धड पायांपेक्षा जड असतं, मान्य. पण ती बाजू मी दोन बोटांवर तोलून धरली होती. पेटी खाली ठेवली, सपाट जमिनीवर. उलटी फिरवली, म्हणजे पायाकडची बाजू पुढे आली आणि नावाची पट्टी असलेली डोक्याकडची मागे. पुन्हा उचलली. पुन्हा तेच. जिकडे शिवूच्या नावाची पट्टी, तिकडेच सगळा भार. माझं आयुष्य माल चढवण्या-उतरवण्यात गेलंय. आत सरकलेला माल असा एका जागी धरून राहत नाही हो, हेलकावा दिला की हलतो. हे हलत नव्हतं. एका टोकाला कुणीतरी बूड टेकून बसावं तसं.

पंडितजींनी माझी दोन बोटं बघितली. जवळ आले, स्वतः हात लावला. तसेच अनवाणी अधिकाऱ्याकडे गेले.

"साहब," ते म्हणाले, "लड़का बैठा है."

"पंडितजी, आप मंत्र पढ़िए."

एवढंच. आवाजसुद्धा चढवला नाही त्यानं.

पुढं काय सांगू... चौकोनी खड्ड्यात लांब पेटी मावेना. बिगुलवाला बिगुल घेऊन उभा, पुढारी घड्याळ बघायलेत, आणि माझे चुलतभाऊ कुदळीनं शिवूचा कोनाडा फोडून खड्डा लांब करायलेत. अधिकाऱ्यानं मेहेरबानी केली—लिंग हवं तर झाकणावर ठेवा, म्हणाला. अव्वानं मूठ गच्च आवळली. "झाकनावर ठिवायला ते काय कुलूप हाय का?" लिंग तिनं दिलंच नाही. शिवूला आडवाच उतरवला. सलामी झाली, फोटो झाले.

गर्दी पांगल्यावर पंडितजी बांधावर एकटेच बसले होते. मी पाणी नेऊन दिलं. म्हणाले, "लढायला जाणाऱ्याला धीर द्यायचा, मेलेल्याला मंत्र द्यायचा, घरच्यांना गप्प करायचं, एवढीच नोकरी आहे माझी. देवाशी बोलायची परवानगी आहे मला... साहेबाशी नाही." मला त्यांची कीव आली नाही. अजूनही येत नाही. पण त्या अख्ख्या सरकारी ताफ्यात खरं बोललेला माणूस तो एकच, हे कबूल करायला पाहिजे.

मी पुष्कळांना विचारलं. ओळखीचे डॉक्टर म्हणाले, आतल्या कापसाचा, बर्फाचा काहीतरी फरक असेल. आमचे हमाल म्हणाले, रस्त्याला चढ असेल. राजेश्वरच्या त्या रस्त्याला चढ नाही, आणि नावाची पट्टी कुठल्या बाजूला आहे ते बर्फाला कळत नाही. कुणाकडे खरं उत्तर असलं तर जरूर कळवा, फक्त 'आत्म्याला शांती लाभो' तेवढं लिहू नका.

परवा सुट्टीला गेलो तर अव्वा भाकरी थापता थापता अचानक म्हणाली, "मल्लू, कुठल्या अंगानं जड लागायलती रं पेटी?"

खोटं बोलवलं नाही. "डोक्याकडून," म्हटलं. "पायाकडं कायच नव्हतं."

तिनं भाकरी तव्यावर टाकली. पिठाचा हात तसाच मांडीवर ठेवला.

"मंजे बसलाय त्यो," ती म्हणाली. "हात पुढं करून बसलाय... आन् लिंग हितं माझ्यापाशी हाय."