फुली मारलेली चार पॅनेलं

आमच्या ह्यांना लोक 'उन्हाचे डॉक्टर' म्हणतात. लोकांचं काय जातं? शहरातल्या छपरांवरून उतरवलेली जुनी सोलर पॅनेलं येऊन पडतात आमच्याच गच्चीवर. मग हे भर दुपारी मीटर घेऊन एकेकाची नाडी बघत बसतात. जीव असला तर मागे खडूने आकडा आणि गोल, नसला तर फुली. गोलवाली दुसऱ्या कुणाच्या तरी छपरावर चढतात. फुलीवाली शनिवारी टेम्पोतून भंगारवाल्याकडे जातात. तो काच आणि अ‍ॅल्युमिनियम वेगळं करतो. मला मात्र कपडे वाळत घालायला हातभर जागा नाही.

मी शिवणकाम करते. दुपारी वीज गेली की मशीन बंद, आणि पायाने चालवायला माझा गुडघा आता ऐकत नाही. "चार पॅनेलं मला लावून द्या," असा सहा वर्षं घसा कोरडा करतेय. तीनदा लावली, तीनदा काढून नेली! एकदा बालवाडीला, एकदा दवाखान्याला, एकदा तर कोंबड्यांच्या खुराड्याला.

"अगं, त्यांची नड मोठी होती."

आणि माझी गिऱ्हाइकं ताटकळतात ती काय हौस म्हणून? साऱ्या जगाला "हो", घरात मात्र "बघू."

परवा एका बँकेच्या छपरावरचा माल आला. ह्यांनी तपासून गोल-फुल्या केल्या. हे खाली उतरल्यावर मी सगळ्यात मोठ्या आकड्यांची चार हेरली, ओल्या फडक्याने मागचं पुसलं आणि दणकून फुल्या मारल्या. फुलीकडे हे पुन्हा ढुंकूनही बघत नाहीत. शनिवारच्या आत चारही हळूच बाजूला ओढायची, असा बेत. काय खूश होते मी स्वतःवर!

शुक्रवारी एका गिऱ्हाइकाकडे मापं घ्यायला गेले. परत येऊन बघते तर फुल्यांची थप्पी गायब. शेजारीण म्हणाली, "टेम्पो आजच आला होता. तुम्ही दोघंही घरी नव्हता, मग मीच किल्ली दिली."

गुडघा धरत भंगारवाल्याकडे पोचले. काचेचा चुरा झाला होता. चौकटी सोडवून पट्ट्या कोपऱ्यात रचल्या होत्या.

"माल बरा दिसत होता, वहिनी," तो म्हणाला, "पण फुली होती ना. साहेबांच्या फुलीवर आम्ही कधी शंका घेत नाही."

एक पट्टी उचलली. आतल्या कडेला ह्यांच्या वेड्यावाकड्या अक्षरात मार्करने लिहिलं होतं, 'मशीनसाठी. कुणालाही द्यायचं नाही.' तशाच आणखी तीन निघाल्या.

डोकंच फिरलं माझं. ह्या माणसाला तोंड नाही का? एक शब्द सांगायला काय झालं होतं? आणि मला तरी विचारायला काय झालं होतं?

घरी आले तर हे माझ्या मशीनखाली बसून वायर जोडत होते. मान वर न करता म्हणाले, "इतक्यात गच्चीवर जाऊ नकोस हं. तुला एक गंमत दाखवायची आहे."