बसून वाजवलेली हलगी

दगडूतात्या गेल्याचं कळलं तेव्हा मी साताऱ्याच्या स्टँडवर वाईच्या गाडीची वाट बघत होते. फोन त्यांच्या सुनेचा, सुनंदावहिनींचा होता. "मामंजी गेलं. काल सकाळी. गडबडीत तुमास्नी कळवायचं राह्यलं," एवढंच त्या म्हणाल्या. मी "हो" म्हटलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की आपण सांत्वनाचा एक शब्दही बोललो नाही. वाईला एका सनईवाल्या आजोबांचं चित्रीकरण ठरलं होतं आणि त्यांचा ठावठिकाणा तात्यांनीच दिला होता. गाडी आली. मी चढले, वाईला गेले आणि ठरल्याप्रमाणे चित्रीकरण केलं. घरी आईला हे फार कोरडं वाटलं. असेलही. पण तात्यांच्या नावाने एक दिवस काम बंद ठेवणं मला जमलं नसतं, आणि त्यांनी ते चालवूनही घेतलं नसतं.

गेली चार वर्षं मी सातारा-सांगलीच्या गावांतून फिरते. कुठल्याही वाजंत्री पार्टीत नसलेले, आपापल्या जिवावर वाजवणारे-गाणारे लोक शोधते, त्यांच्याच दारात कॅमेरा लावते आणि ते इंटरनेटवर ठेवते. हे ऐकायला धीट वाटतं. मी तशी नाही. साताऱ्याच्या इंग्रजी शाळेत शिकताना उत्तर येत असूनही मी हात वर करत नसे. गावात गेल्यावर सुरुवातीला ग्रामपंचायतीत जाऊन हळू आवाजात विचारायचे, आणि ते मला ज्याच्या नावाचा फ्लेक्स लागलेला असेल त्याच्याकडे पाठवायचे. असेच सहा-सात महिने गेले. मग सांगलीकडच्या एका आठवडा बाजारात, मिरचीवाल्यांच्या रांगेच्या टोकाला, तात्या दिसले. हाताला कोपरापर्यंत चिंचोक्याची खळ, समोर हलगीचं लोखंडी कडं, आणि त्यावर ओलं कातडं ताणण्याचं काम चाललेलं.

"इथं चांगली हलगी कोण वाजवतं?" मी विचारलं. आधी दोनदा मनात म्हणून बघितलं होतं.

"चांगली म्हंजे? मिरवणुकीतली का खरी?"

"खरी."

"ज्येचं कातडं माझ्याकडं सारखं येतंय त्यो खरा. ज्येची हलगी धा वरसं नवी, त्यो फोटोवाला." मग एक फाटकी हलगी उचलून त्यांनी माझ्यासमोर धरली. "ही बघा. कडंला फाटलीया. ह्यो डावरा हाय, लय नाजूक हात. आनि ही मदोमद. ह्येला राग लय. दरसाली फाडतोय आन् दरसाली बायकू म्हायेरी जाती."

त्या दिवशी त्यांनी मला अकरा नावं दिली, सगळी फाटलेल्या कातड्यांवरून. त्यातला एकही माणूस खोटा निघाला नाही. पुढे ते स्वतःच माझ्याबरोबर यायला लागले. माझ्या स्कूटीवर मागे बसायचे, दोन्ही खांद्यांना दुरुस्त केलेल्या हलग्या अडकवून. गावात शिरलं की पानपट्टीवरून कुणीतरी ओरडायचंच, "आवं तात्या, डायवर झ्याक गावली की!" आणि तात्या मागूनच, "तुला गावली न्हाई त्येचं दुकतंय व्हय रं? बाजूला हो, गाडीचं ब्रेक ढिलं हायती!" मी मान खाली घालून गाडी पुढे काढायचे. "तू बोलू नगंस," ते मला सांगायचे, "बोलायचं मी बघतो. तू निस्ती बघ. तुझं डोळं चांगलं हायती." मला तेवढं पुरायचं. आपल्याला बोलता येत नाही, पण बघता येतं, हा माझा एकुलता एक अभिमान होता.

तो त्यांनीच मोडला. एका हलगीवाल्याच्या व्हिडिओखाली मी माहिती लिहिली होती: 'हलगी हे उभ्याने वाजवायचं वाद्य आहे.' पुण्यातल्या एका महोत्सवात निवेदकाच्या तोंडून मी हे ऐकलं होतं, आणि मी चित्रित केलेले सगळे उभेच तर होते. सुनंदावहिनींनी ते तात्यांना वाचून दाखवलं. पुढच्या बाजारी मी गेले तेव्हा तात्या कातडं ताणत होते. त्यावरची नजर न काढता म्हणाले, "उभ्यानं वाजवायची असती असं कोन म्हनालं?"

"मी बघितलं ना, तात्या. सगळे उभेच असतात."

"बघितलंस खरं. का उभं हायती ते इचारलं न्हाईस." आणि मग, अगदी साध्या आवाजात, "बसाय कुनी दिलं न्हाई, म्हून उभं हायती."

मी शिकले त्या शाळेत जातीचं नाव कुणी घेत नसे, त्यामुळे ती नसतेच असं मला बरीच वर्षं वाटत होतं. तात्यांनी मला त्यांच्या वडिलांबद्दल सांगितलं. वडील घरी, वस्तीतल्या अंगणात, मांडी घालून हलगी वाजवायचे. कडं मांडीवर टेकलं की आवाज खाली उतरतो, गोल होतो, आणि त्यात जे बारीक काम करता येतं ते उभ्याने होत नाही. पण यात्रेच्या दिवशी देवळासमोरच्या पाराखाली ते सकाळपासून पालखी परत येईपर्यंत उभे असायचे. पार म्हणजे पिंपळाभोवतीचा दगडी कट्टा, त्याच्यावर सावली, सावलीत सगळं गाव बसलेलं. एका वर्षी पाय सुजले म्हणून वडील पाराच्या कडेला टेकले. कुणीतरी नुसतं "खाली" म्हणालं. रागावूनही नाही... जनावराला म्हणावं तसं. वडील गेल्यावर तात्यांनी गावात हलगी हातात घेतली ती फक्त दुरुस्त करायला. त्यांनी कधी वाजवलं नाही. मी किती वेळा विचारलं होतं, तुमचं एकदा चित्रीकरण करूया म्हणून, आणि ते प्रत्येक वेळी विषय बदलायचे. त्या दिवशी मात्र त्यांनीच विषय काढला. "वाजवतो. पन आमच्या गावात, पारावर बसून, दिवसाढवळ्या. जमंल तुला?"

मी घाबरले. दुसरीकडे कुठेतरी, माझ्या घरी, एखाद्या सभागृहात बसून वाजवा, असं सुचवून बघितलं. "दुसरीकडं बसाय काय," तात्या म्हणाले, "यष्टीतबी बसतोच की मी."

गावाचं नाव इथे लिहीत नाही. व्हिडिओत ते आहे, तात्यांनी स्वतः घेतलेलं. मंगळवारची दुपार होती. पारावर सात-आठ माणसं, त्यात दोन रिटायर फौजी, वर्तमानपत्राची पानं वाटून घेऊन बसलेले. तात्यांनी पाराखाली कागद पेटवून हलगी शेकली, कातडं बोटाने वाजवून बघितलं, चपला काढल्या आणि पायऱ्या चढून वर गेले. मांडी घातली. एक माणूस उठून जवळ आला. मी भांडणाची तयारी ठेवली होती, पण तो हसत होता. "तात्या, जरा खाली घ्या की. शूटिंगला खालनंच झ्याक दिसंल." तात्यांनी वर बघितलं नाही. "म्याडमला इचारा. क्यामेरा त्येंचा हाय."

सगळे माझ्याकडे वळले. बोलायचं मी बघतो म्हणणाऱ्या माणसाने बोलायची वेळ नेमकी माझ्यावर आणली होती. आणि मला कळलं, की मी आता गप्प राहिले तर तात्यांना उठावं लागेल.

"इथंच चांगलं दिसतंय," मी म्हणाले. आवाज माझाच होता. कॅमेरा तात्या पायऱ्या चढले तेव्हापासून चालूच होता.

तात्यांनी आपलं नाव सांगितलं, गावाचं सांगितलं, वडिलांचं सांगितलं, आईचं सांगितलं. "आमी बसून वाजवतो," म्हणाले, आणि एकोणीस मिनिटं वाजवलं. मी शेकडो तास हलगी ऐकली आहे. ती अशी असते हे मला माहीत नव्हतं. मिरवणुकीतला कडकडाट त्यात नव्हताच. कुणीतरी खोलीत बसून, घाई न करता, एकेक गोष्ट समजावून सांगावी तसं होतं ते. तिघं उठून गेले. एक फौजी आजोबा बसून राहिले. त्यांचं बोट गुडघ्यावर ठेका धरत होतं आणि कॅमेरा तिकडे वळला की थांबत होतं. तेही व्हिडिओत आहे.

तो व्हिडिओ खूप लोकांनी पाहिला. तात्यांच्या हयातीत गावातून कुणी काही बोललं नाही. ते गेल्यावर मात्र दहाव्याच्या आत मला फोन आला. पारावर हसत पुढे आलेले तेच गृहस्थ. आवाजात अजूनही गोडवा. "म्याडम, वाजवलेलं ऱ्हाऊ द्या, आमचं काय म्हननं न्हाई. तेवढं ते 'खाली घ्या'चं आनि 'बसून वाजवतो' म्हनलेलं हाय ते काडा. गावाची बदनामी हुती. तात्या तर गेले. घरच्यांना त्येंच्या हितंच ऱ्हायाचंय, व्हय का न्हाई?" शेवटचं वाक्य त्यांनी सगळ्यात मऊ आवाजात म्हटलं. मी विचार करून सांगते म्हणाले, कारण राहायचं मला नव्हतं, सुनंदावहिनींना होतं.

म्हणून मी त्यांच्या घरी गेले. तात्यांच्या कोपऱ्यात दुरुस्तीला आलेल्या हलग्या भिंतीला तशाच टांगलेल्या होत्या. वहिनी खाली बसून कातडं ताणत होत्या, हात खळीने भरलेले. हे काम त्यांना येतं हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं त्या घरात जाऊनही माझ्या चांगल्या डोळ्यांना ते कधी दिसलं नाही. मी फोनचं सगळं सांगितलं. तुम्ही म्हणाल तसं करते, म्हणाले.

त्यांनी कातडं कड्यावर पक्कं केलं. मग म्हणाल्या, "आमी कुटं आन् कसं ऱ्हायाचं ते आमी बघू. त्ये बसल्याती नव्हं तितं? बसू द्या. तुमी त्यास्नी उटवू नगा."

मी तिथूनच फोन लावला आणि सांगितलं, की काहीही काढणार नाही. एक सेकंदसुद्धा. पलीकडचा गोडवा संपेपर्यंत ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. हलगीची माहितीही मी बदलली आहे. बसून वाजवतात, उभ्याने वाजवायला लावतात, असं आता तिथे लिहिलेलं आहे.

मी निघणार तेवढ्यात पलीकडच्या गावचा एक हलगीवाला आपली हलगी न्यायला आला. वहिनींनी ती भिंतीवरून काढून दिली. त्याने दारात उभ्यानेच कडं खांद्याला लावलं, काठी उचलली. वहिनींनी मान वर केली नाही. खळ लागलेल्या हाताने समोर अंथरलेलं पोतं दाखवलं.

"बसा," त्या म्हणाल्या.

तो क्षणभर घुटमळला. मग बसला.